लेन्समधल्या धुळीचा दंड कोणी भरायचा?

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

कॅन्टीनच्या जिन्याखाली आपल्या फोटोग्राफी क्लबचा एक नोटीस बोर्ड आहे. तिकडे सहसा कोणी ढुंकूनही बघत नाही, कारण त्यावरची सर्वांत ताजी नोटीस साधारण मागच्या गॅदरिंगची असते. पण गेल्या महिन्यात तिथे एक नोटीस लागली आणि चक्क गर्दी झाली. नोटिशीत दोन गोष्टी होत्या. क्लबच्या कॅमेऱ्याच्या १८-५५ झूम लेन्समध्ये आत धूळ गेल्याचं आढळल्यामुळे शेवटी कॅमेरा नेणाऱ्या विद्यार्थिनीच्या डिपॉझिटमधून १,५०० रुपये कापण्यात येतील, ही पहिली. आणि यापुढे कॅमेरा कॅम्पसबाहेर नेता येणार नाही, ही दुसरी.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना सबमिशन आहे त्यांना पान उलटता येईल. दोन्ही निर्णय चुकीचे आहेत. ती विद्यार्थिनी माझी ज्युनिअर आहे, रूम पार्टनर नाही. त्यामुळे मैत्रीखातर लिहितेय असं कोणी समजू नये. मला राग आलाय तो वेगळ्याच कारणाने. हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि आपण एका यंत्राच्या नैसर्गिक वागण्याचा दंड माणसाला लावतोय.

(लेख मराठी विभागात का, असं एकीने विचारलं. तर इंग्लिश विभाग कमिटीतले निम्मे लोक वाचत नाहीत. आणि मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे मी मराठीत काही लिहिलं की लोक निदान कौतुकाने तरी वाचतात!)

झालं काय ते थोडक्यात. ही मुलगी एका रविवारी कॅमेरा घेऊन जेजुरीला गेली. रविवार म्हणजे खंडोबाचा वार. ज्यांनी जेजुरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे देवाला भंडारा वाहतात, म्हणजे हळदीची पूड, आणि ती नुसती वाहत नाहीत तर मुठी भरभरून उधळतात. पायऱ्या पिवळ्या, दीपमाळा पिवळ्या, माणसं पिवळी. सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हेच्या पात्राकडे निघते तेव्हा तर हवेत हळद आहे की हळदीत हवा आहे असा प्रश्न पडावा. आपली पोरगी साध्या रविवारी गेली, तरी परत आली तेव्हा तिची ओढणी तीन धुण्यांनंतरही ओळखू येत होती. तिने तिथे काढलेला एक फोटो, वडिलांच्या खांद्यावर बसलेलं पोर, दोघेही पिवळेधमक, पोराचे डोळे घट्ट मिटलेले आणि तोंड उघडं, याच अंकात छापला आहे. म्हणजे फोटोला मॅगझिनमध्ये पान आणि फोटो काढणारीला दंड! ते पान काढून बघा आणि धूळ कुठे दिसते ते मला दाखवा. हवेतली सोडून.

सोमवारी तिने कॅमेरा पुसून परत दिला. कमिटीतल्या एकाने लेन्स हातात घेतली, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत मारला आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं. आत पंधरा-वीस कण चमकले. झालं! रजिस्टरमध्ये 'डॅमेज' असं लाल शाईने लिहिलं गेलं.

आता यंत्राकडे येऊ. थिअरी ऑफ मशीन्सला कॅमची प्रोफाइल काढताना आपण सगळेच जण वैतागतो, की हे कधी कुठे वापरणार. तर क्लबच्या कपाटात एक सुंदर कॅम पडून आहे. झूमची रिंग फिरवली की आत एक नळी फिरते. तिच्या अंगावर तिरक्या वळणाच्या खाचा कोरलेल्या असतात, त्या खाचांमध्ये छोटे रोलर बसलेले असतात, आणि भिंगांचे गट त्या रोलरना जोडलेले असतात. रिंग गोल फिरते, भिंगं सरळ रेषेत सरकतात. एक गट एका नियमाने, दुसरा दुसऱ्या. शुद्ध बॅरल कॅम आणि फॉलोअर. स्थिर फोटोंच्या कॅमेऱ्यासाठी फोक्टलेंडरची झूमार ही झूम लेन्स १९५९ साली आली. आजच्या झूम लेन्समध्ये मूळ गंमत ही आहे.

आता या गमतीची किंमत. भिंगांचा गट पुढे सरकला की लेन्सची पुढची नळी बाहेर येते, म्हणजे आतली जागा वाढते. जागा वाढली की बाहेरची हवा आत येणार. नळी आत गेली की हवा बाहेर जाणार. आपल्या १८-५५ सारख्या बऱ्याच लेन्स तर आणखी मजेशीर वागतात. १८ वर नळी बाहेर, ३५ च्या आसपास सर्वांत आखूड, आणि ५५ कडे जाताना पुन्हा बाहेर. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा झूम केलं की एक उच्छ्वास आणि एक श्वास पूर्ण!

किती हवा? समजा नळीचा व्यास ५ सेंमी आणि सरकणं १ सेंमी. पाय आर स्क्वेअर एच करा, जवळपास २० घन सेंमी येतं, म्हणजे चार चमचे. जेजुरीत दिवसभरात दोनशे वेळा झूम केलं असेल तर चार लिटर हवेची ये-जा झाली. हळद घातलेल्या हवेची. आता तिच्या जागी कमिटीतल्या कोणालाही उभं करा, अगदी आमच्या एचओडी सरांना (सर, सॉरी), तरी तीच लेन्स तेवढीच हवा ओढणार.

"मग कंपनीने फट बंद का नाही केली?" हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. उत्तर फिट्स अँड टॉलरन्सेसच्या पहिल्या लेक्चरमध्ये आहे. एक नळी दुसरीत सरकायची तर क्लिअरन्स हवाच. त्या फटीत फेल्टची पट्टी किंवा रबर बसवतात, त्याने मोठे कण अडतात, बारीक जातात. आणि समजा फट पूर्ण हवाबंद केली, तर? इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुईच्या जागी बोट दाबून धरा आणि दट्ट्या ओढा. सोडला की परत मागे येतो ना? लेन्स तशीच वागेल. ५५ वर न्यायची आणि हाताने धरून ठेवायची. बॉइलच्या नियमापुढे कंपनीचं काही चालत नाही. म्हणून ज्या महाग लेन्सवर पाऊस-धुळीपासून संरक्षण असं लिहिलेलं असतं त्यांनाही श्वास घ्यावाच लागतो. फक्त त्या तोंडाला रुमाल बांधून घेतात.

ज्यांची लांबी बदलतच नाही अशा लेन्सही असतात. जुन्या ७०-२०० एफ/२.८ पाहा: सगळी हालचाल नळीच्या आत, बाहेरून लेन्स जैसे थे. पण मग ती कायम लांब, वजन दीड किलोच्या घरात आणि किंमत लाखाच्या वर. कॅननने २०१९ मध्ये आपल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी हीच लेन्स बाहेर येणाऱ्या नळीची केली, कारण पिशवीत मावायला हवी होती. आणि २०२४ मध्ये न लांबणारीही काढली, कारण काही लोकांना तीच हवी होती. म्हणजे ज्यांचं पोट यावर चालतं त्यांनीसुद्धा दोन्ही दुकानं उघडी ठेवली आहेत. हा ट्रेड-ऑफ आहे, दोष नव्हे.

बदनाम लेन्सचाही किस्सा सांगते. १९९८ मध्ये कॅननची १००-४०० आली. तिची रिंग फिरवायची नसे, नळीच हाताने पुढे-मागे ओढायची, सायकलच्या पंपासारखी. फोटोग्राफर लोकांनी तिचं नाव ठेवलं 'डस्ट पंप'. २०१४ च्या नव्या आवृत्तीला फिरवायची रिंग आली. पण नळी तिचीही बाहेर येतेच, त्यामुळे हवा ही पण ओढते. माझ्या मते जुनीचा गुन्हा एवढाच की ती पंपासारखी दिसायची. आणि या पंपानेच पक्ष्यांचे आणि विमानांचे फोटो काढणाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २००६ च्या १७-५५ एफ/२.८ चीही धुळीसाठी अशीच ख्याती, तरी लोक ती शोधून शोधून घेत.

ते तिला का टाकून देत नव्हते? कारण फोटोत धूळ दिसत नव्हती. आता हा मुद्दा पटवणं सगळ्यांत कठीण, कारण डोळ्यांना आत कण दिसतात आणि मन म्हणतं की ते फोटोतही असणार.

दहावीतला एक प्रश्न आठवा. बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमा अर्धी दिसेल का? वर्गातले निम्मे लोक 'अर्धी' लिहून मार्क घालवायचे. प्रतिमा पूर्णच मिळते, फक्त अंधूक. कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागातून जातात आणि पुन्हा एका बिंदूत भेटतात. काही किरण वाटेत अडले तर बाकीचे पोचतातच. माझ्या आजीच्या चष्म्यावर कायम भाकरीचं पीठ उडालेलं असतं (भिंग हा शब्द मी विज्ञानाच्या पुस्तकातून नाही, तिच्याकडूनच शिकले), आणि ती त्या चष्म्यातून पेपरातल्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचते.

आकडे मांडू. ५५ एमएम आणि एफ/५.६ ला प्रकाश जिथून आत शिरतो त्या छिद्राचा व्यास ५५ भागिले ५.६, म्हणजे ९.८ मिमी. धुळीचा कण चांगला जाडजूड धरू, ०.१ मिमी. व्यासांचं गुणोत्तर ९८, क्षेत्रफळांचं ९८ चा वर्ग, म्हणजे ९,६०४. एक कण अडवतो ९,६०४ मधला एक भाग. लाल शाईचे ते वीस कण मिळून अडवतात ०.२ टक्के प्रकाश. कॅमेऱ्यावर एक्स्पोजरची चकती एक क्लिक फिरवली की प्रकाश वीस टक्क्यांहून जास्त बदलतो. सांगा आता!

तरी "थिअरी सोड गं" म्हणणारे असतातच. म्हणून प्रयोग केला. यूव्ही फिल्टरच्या मधोमध साबुदाण्याएवढा, ३ मिमी व्यासाचा, काळा कागद चिकटवला. क्षेत्रफळाने हा एक साबुदाणा म्हणजे आपल्या जाडजूड कणांसारखे नऊशे कण. तो फिल्टर लावून ५५ वर, एफ/५.६ ला मेसच्या मेनूच्या फळ्याचा फोटो काढला, आणि एक फिल्टर काढून. विंगमधल्या चौघींना लॅपटॉपवर दोन्ही दाखवले आणि विचारलं, साबुदाण्याचा कोणता? तिघींनी आत्मविश्वासाने चुकीचा दाखवला. चौथी म्हणाली, "दोन्हीकडे दुधीच आहे," आणि निघून गेली.

पण इथेच थांबले तर मी वकील होईन, इंजिनिअर नाही. त्याच साबुदाण्याने १८ वर, एफ/२२ ला मध्यभागी सरळ काळपट ठिपका दिला. कारण १८ भागिले २२ म्हणजे छिद्र जेमतेम ०.८ मिमी उरतं. साबुदाणा त्यापुढे डोंगर आहे. ०.१ मिमीचा खरा कणसुद्धा तिथे चौसष्टावा भाग अडवतो, म्हणजे मोकळ्या आभाळावर फिकी सावली पडू शकते. शिवाय रात्री गेटवरचा दिवा मुद्दाम आउट ऑफ फोकस केला तर त्याची जी मोठी गोल चकती येते तिच्यात साबुदाणा स्पष्ट दिसला. खरी धूळ असेल तर तिचेही बारीक डाग दिसतात, पोळीवर असतात तसे. आणि सूर्य समोर असेल तर आतल्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि फोटो थोडा दुधाळ होतो. लेन्सच्या मागच्या टोकाच्या, सेन्सरजवळच्या भिंगावरची धूळ पुढच्यापेक्षा जास्त त्रास देते. हे सगळं खरं आहे. पण एफ/२२ ला डिफ्रॅक्शनमुळे फोटो तसाही मऊ पडतो, तिथे फार कोणी जात नाही. आणि लग्नाच्या हॉलपासून टेक फेस्टपर्यंत क्लबचा जेवढा उद्योग आहे तो सगळा एफ/३.५ ते एफ/११ मध्ये आटोपतो.

आणखी एक गोंधळ. फोटोत आभाळात जे काळे ठिपके दिसतात आणि ज्यांच्या नावाने लेन्सला शिव्या बसतात, ते बहुतेक वेळा सेन्सरच्या पुढच्या काचेवरच्या धुळीचे असतात. ती धूळ सेन्सरच्या अगदी जवळ असते म्हणून सावली नीट पडते. ओळखायचं सोपं आहे. एफ/२२ ला पांढऱ्या भिंतीचे दोन फोटो घ्या, एक १८ वर, एक ५५ वर. ठिपका दोन्हीत त्याच जागी असेल तर सेन्सर. सेन्सरपुढची काच हलवून धूळ झटकायची सोय ऑलिम्पसने २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात आणली, नंतर बाकीच्यांनीही. लेन्ससाठी अशी सोय कोणी केलेली नाही, याचा अर्थ आपण आपलाच काढावा.

अमेरिकेत लेन्सरेंटल्स नावाची लेन्स भाड्याने देणारी कंपनी आहे. तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी हे अनेकदा लिहिलंय की धूळ प्रत्येक लेन्समध्ये असते आणि फोटोत ती जवळजवळ कधीच दिसत नाही. भाड्याची लेन्स म्हणजे आपल्या क्लबच्या लेन्ससारखीच, आज याच्या हातात, उद्या त्याच्या. टॉर्च मारून बघायचं ठरवलं तर दुकानातून आणलेल्या कोऱ्या लेन्समध्येही तारांगण दिसतं. मी आमच्या वर्गातल्या एकाची नवी लेन्स तशी पाहिली. बिचाऱ्याचं जेवण गेलं दोन दिवस.

मग साफ का करून घेत नाही? विचारलं. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला तो सेकंडहँड १८-५५ च्या किमतीच्या जवळ जात होता. पैशाचं सोडा, त्यातला धोका बघा. भिंगांचे गट कारखान्यात मोजून-मापून सरळ रेषेत बसवलेले असतात. उघडून परत बसवताना एखादं किंचित तिरकं बसलं की फोटोची एक बाजू कायमची मऊ होते. आणि ते प्रत्येक फोटोत दिसतं, धुळीसारखं कधीमधी नाही. उघडल्यावर खोलीतली नवी धूळ आत जाते ती वेगळीच. यूट्यूबवर पाहून हॉस्टेलच्या टेबलावर उघडायचा विचार करणाऱ्या एस.ई.च्या दोन वीरांना (नावं घेत नाही) एवढंच सांगते की जपानी स्क्रूंची फुली आपल्या स्क्रूड्रायव्हरच्या फुलीहून वेगळी असते, पहिल्याच स्क्रूचं डोकं जाईल. आणि वर्कशॉपमधली एअर गन तर लेन्सच्या जवळही नेऊ नका. त्या हवेत तेल आणि पाणी असतं, आणि दाब इतका की बाहेरची धूळ फटीतून आत कोंबली जाते.

आता दंडाकडे. वर्कशॉपमध्ये हॅकसॉ ब्लेड बोथट झालं तर आपल्याला कोणी पैसे मागतं का? नाही. व्हर्निअर खाली पाडला तर मागतात, आणि बरोबरच आहे. पहिली झीज, दुसरं नुकसान. फरक लॅबमधल्या काकांना कळतो, तर क्लबच्या कमिटीला कळायला हरकत नसावी. लेन्सच्या बाबतीतही असा फरक करता येतो. दापोलीच्या किनाऱ्यावर कॅमेरा वाळूत ठेवला आणि रिंग फिरवताना कर्र आवाज यायला लागला, तर ते नुकसान. वाळू कॅमच्या खाचेत गेलीय, फोकसची मोटर अडकू शकते, घ्या दंड. पुढच्या काचेवर चरा आहे? विचारा. पण रिंग लोण्यासारखी फिरते, ऑटोफोकस चालतो, आणि एफ/८ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो स्वच्छ येतो, तर त्या लेन्समध्ये वीस कण असोत की चाळीस, रजिस्टरमध्ये 'ठीक' एवढाच शब्द लिहायला हवा. टॉर्च वापरायचाच नाही असं मी म्हणत नाही. टॉर्चने बुरशी शोधा.

क्लबच्या कोऑर्डिनेटर सरांशी मी याबद्दल बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे आधी सांगायला हवं. त्यांचं म्हणणं असं की दंड नसेल तर पोरं काळजी घेत नाहीत, आणि दर वर्षी नव्या बॅचच्या हातात आणखी जुनी लेन्स जाते. दुसरा भाग शंभर टक्के खरा. पण जुनी होणं कोणाच्या एकाच्या नावावर कसं टाकणार? त्या लेन्समधले वीस कण जेजुरीचे आहेत हे तरी कोण सांगणार? त्यातले काही गेल्या गॅदरिंगचे असतील, काही गणपती मिरवणुकीतल्या गुलालाचे. त्या मिरवणुकीला कॅमेरा कमिटीनेच नेला होता. त्या दिवशी परत आल्यावर टॉर्च कोणी मारला नाही. १,५०० रुपये म्हणजे आमच्या मेसचं जवळपास अर्ध्या महिन्याचं बिल आहे. शेवटच्या माणसाने सगळ्यांचं बिल भरायचं, ही पद्धत टपरीवरसुद्धा चालत नाही.

पहिल्या भागाचं, म्हणजे काळजीचं, उत्तर शिकवण्यात आहे. ही मुलगी निघाली तेव्हा तिला कोणी काही सांगितलं होतं का? धुळीत जायचं असेल तर स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडायचं, ते फिल्टरच्या कडेला रबरबँडने बसवायचं, मागून हात आत घालायचा. पंधरा मिनिटांत आवरण तयार. उधळण चालू असताना लेन्स काढायची-घालायची नाही. शक्यतो एका ठिकाणी झूम ठेवायचं आणि आपणच दोन पावलं पुढे-मागे व्हायचं. परत आल्यावर नळी बाहेर असतानाच तिचं अंग ब्रशने आणि कोरड्या सुती कापडाने पुसायचं, मगच आत घ्यायची, नाहीतर बाहेरची हळद आपणच आत पाठवतो. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. रबरी फुगा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो क्लबने घ्यावा. ही माहिती एका पानावर छापून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवली तर दंडाच्या नोटिशीपेक्षा नक्की जास्त काम करेल.

कॅम्पसबाहेर बंदी हा निर्णय तर मला कळलाच नाही. कॅम्पसमध्ये फोटो काढण्यासारखं काय उरलंय? वॉटर टँकचा सूर्यास्त प्रत्येक बॅचने काढून झालाय, आणि मोर आला की सगळे खिशातून फोन काढतात. कॅमेरा लागतो तो जिथे धूळ आहे तिथेच. पालखीच्या वाटेवर, ऊसतोडीच्या फडात, चैत्रातल्या जोतिबाच्या गुलालात, अगदी आपल्या फाउंड्री लॅबमध्ये साच्याची माती उडते तिथेसुद्धा. धूळ चालणार नाही म्हणणं म्हणजे हे सगळे फोटो चालणार नाहीत म्हणणं.

आणि कपाटात बंद करून लेन्स वाचते असं कोणाला वाटत असेल तर ते उलटं आहे. लेन्सचा खरा शत्रू धूळ नाही, बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात, त्यातून कापडी बॅगेत, ओल धरून ठेवली की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. ते नुसते बसत नाहीत. त्यांतून निघणारी आम्लं भिंगावरचं कोटिंग खातात, आणि मग पुसूनही खूण जात नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कोणत्याही जुन्या फोटोग्राफरला विचारा, तो धुळीबद्दल हसेल आणि बुरशीबद्दल तासभर बोलेल. उपाय काय, तर झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेल, आणि शंभर-दोनशेचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. जेल ओलं झालं की निळ्याचं गुलाबी होतं (नव्या प्रकारचं नारिंगीचं हिरवं). केमिस्ट्री लॅबच्या ओव्हनमध्ये तापवलं की पुन्हा पहिल्यासारखं. आणि लेन्स वापरात ठेवायची. जी वापरात असते तिला उजेड आणि वारा मिळतो.

सध्या कॅमेरा ऑफिसशेजारच्या लोखंडी कपाटात कापडी बॅगेत आहे, तेच कपाट ज्याच्यामागच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे धरतात. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या आहेत, त्या कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेल्या, म्हणजे निदान तीन वर्षांच्या. डबा मी आणून ठेवलाय, हॉस्टेलच्या माझ्या रूमवर आहे. किल्ली कमिटीकडे आहे. जूनच्या आत दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या तर बरं होईल.